स्ट्रेटनिंग सोडलं, पण दर उन्हाळ्यात जोडावर केस तुटतात? आधी बोअरचं पाणी तपासा

अडचण काय आहे ते आधी नीट सांगते, म्हणजे तुमची हीच आहे का ते कळेल. बरीच वर्षं केस रसायनानं सरळ करून घेतले आणि मग एक दिवस ठरवलं, आता बास. पहिले दोन-तीन महिने निभावले. मुळाशी आपले कुरळे केस उगवायला लागले, खाली जुने सरळ केस लोंबतायत. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या दोघांच्या जोडावर गुंता व्हायला लागतो, फणी अडकते, न्हाताना हातात केस येतात. घरचे म्हणतात, "सरळ होते तेव्हा बरे होते." तेवढ्यात कुणाचं तरी लग्न निघतं आणि आपण परत पार्लरच्या खुर्चीत.

माझं हे तीनदा झालं. 2013 साली मला बघायला यायला लागले तेव्हा पहिल्यांदा रिबॉन्डिंग केलं. त्यानंतर दर दिवाळीच्या आधी ठरलेलं. मध्ये तीनदा सोडायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा परत गेले. चौथ्यांदा, 2022 च्या पावसाळ्यात सोडलं ते सुटलं. आज डोक्यावर एकही सरळ केस नाही. चौथ्या वेळी वेगळं काय केलं तेवढंच इथं लिहिते. मी लातूरला राहते, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पाण्याचे अनुभव लातूरचे असले तरी बीड, धाराशिव, जालना, नांदेडच्या मैत्रिणींचंही बोअरच्या पाण्याचं गाऱ्हाणं हेच आहे.

घरखर्चाच्या वहीत पार्लरच्या नोंदी शोधल्या तेव्हा एक गोष्ट नजरेत आली. परत गेले ते महिने होते एप्रिल 2016, मे 2018, एप्रिल 2019. दरवेळी उन्हाळा. मी समजत होते की लग्नसराईमुळं मन डळमळतं. ते होतंच. पण दिवाळीच्या आधीचं शेवटचं रिबॉन्डिंग धरलं तर एप्रिलपर्यंत पाच-सहा महिने होतात, आणि आमच्या इमारतीचं बोअरचं पाणी सगळ्यात जड होतं तेही याच दिवसांत. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात डोक्यावर येऊन पडत होत्या आणि दोष मी केसांना देत होते.

जोड का तुटतो?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातल्या गंधकाच्या जोड्या, म्हणजे डायसल्फाइड बंध, केसाचा आकार धरून ठेवतात. रिबॉन्डिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटसारखं रसायन लावून हे बंध तोडतात, तापलेल्या इस्त्रीनं केस ताणून सरळ करतात, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या न्यूट्रलायझरनं त्या सरळ अवस्थेत बंध पुन्हा जोडतात. सगळे बंध काही परत जुळत नाहीत, त्यामुळं तो केस कायमचा कमजोर होतो. तो पुन्हा कुरळा होत नाही, कुठल्याही तेलानं नाही, कुठल्याही मास्कनं नाही. कुरळा येतो तो मुळातून नव्यानं येणारा.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाच महिन्यांत पाच-सहा सेंटिमीटर. आता आरशासमोर उभं राहून केस मागं बांधा आणि रबर कुठं बसतं ते बघा. मानेजवळच्या केसांत ते मुळापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर येतं. वर स्प्रिंगसारखा कुरळा केस, खाली गुळगुळीत पण आतून पोकळ झालेला केस, आणि दोघांच्या सांध्यावर रोज दहा तास रबराचा आवळ. वर्गात शिकवून घरी आले की रबर काढताना त्यात आखूड तुकडे अडकलेले असायचे. नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे. तेव्हा वाटायचं केस गळतायत.

गळतायत की तुटतायत, हे सगळ्यात आधी ठरवा. एक पांढरा रुमाल आणि एक काळं कापड घ्या. आठवडाभर फणीतले, उशीवरचे, न्हाणीच्या जाळीवरचे केस त्यावर ठेवून बघा. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा कांदा दिसला तर तो मुळासकट गळलेला केस. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं आहे. त्याहून बरेच जास्त, आणि सगळे कांद्यासकट, असतील तर पाणी-जोड-रबर हे सगळं बाजूला ठेवा. दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइडसारखा मोठा ताप आला होता का, बाळंतपण झालंय का ते आठवा, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडं बायका अंगात रक्त नसताना केसांना तेलं लावत बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्वचारोगतज्ज्ञांकडं जा.

आणि दोन्ही टोकांना कांदा नसलेले, लांबीला वेगवेगळे तुकडे असतील, तर केस तुटतायत. मग पुढं वाचा.

पाणी

आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांत मुरतं, तिथं वर्षानुवर्षं राहतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. पाठ्यपुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात आपण जड पाणी म्हणतो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तूरडाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. बंबात पांढरे पापुद्रे धरतात, गिझरची कॉइल दोन वर्षांत खडूसारखी होते. नळाच्या तोंडाला मीठ धरल्यासारखी खपली येते.

तरी मी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. दोन सारख्या बाटल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाकला आणि वीस वेळा हलवलं. आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला आणि टिकला. बोअरच्या बाटलीत फेस आला नाही, पाणी ताकासारखं पांढुरकं झालं आणि वर चिकट साय तरंगायला लागली. ती साय बोटावर घेऊन चोळली तर मेणासारखी लागते. साबणानं डोकं धुणाऱ्यांच्या केसांवर हीच साय बसते. शाम्पूनं अशी साय होत नाही, पण पाण्यातलं कॅल्शियम केसाला चिकटतंच. रसायनानं खवले उघडे पडलेला केस ते जास्त धरून ठेवतो. केस वाळल्यावर खरखरीत लागतात, एकमेकांत अडकतात, आणि ओढ बसली की सगळ्यात कच्च्या जागी, म्हणजे जोडावर तुटतात.

हे काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, मी दरवर्षी फळ्यावर शिकवते आणि तरी माझ्या न्हाणीतलं पाणी माझ्या लक्षात यायला चार उन्हाळे गेले. लक्षात आलं ते माहेरी. औसा तालुक्यातलं आमचं गाव, पत्र्याचं घर, पावसाळ्यात पागोळीखाली हंडे-पातेली लावलेली असतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या पाण्यानं न्हाले. केस वाळले तेव्हा मुळाजवळच्या कुरळ्या बटा एकेक सुटी, मऊ. तेच डोकं, तोच शाम्पू. लातूरला येऊन दोनदा न्हाले की परत खराटा.

तुमच्या पाण्याचं नेमकं काठिण्य कळावं असं वाटत असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एकूण काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं असं दिलंय. ते आकडे पिण्यासाठी आहेत, केसांसाठी वेगळी मर्यादा कुणी घालून दिलेली नाही, पण आपलं पाणी कुठं बसतं याचा अंदाज येतो.

काय चालत नाही ते आधी. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, पाण्याचा जडपणा तसाच राहतो. नळाला लावायची छोटी फिल्टरची डबी गाळ, क्लोरीनचा वास कमी करते, कॅल्शियम तिच्यातून तसंच निघून येतं. कॅल्शियम काढायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, तो मिठाच्या पाण्यानं वरचेवर धुवावा लागतो. स्वतःचं घर आणि स्वतःचं बोअर असेल तर विचार करा. खाण्याचा सोडा डोक्याला लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाणी हलकं होतं ते धुण्याच्या सोड्यानं, खाण्याच्या नव्हे, आणि केसाला अल्कली नको असते, कमजोर केसाला तर नकोच.

मला लागू पडलं ते असं. न्हायचं पाणी आदल्या रात्री खळखळून उकळायचं आणि झाकून ठेवायचं. सकाळी तळाला पांढरी पूड बसलेली असते, ती न हलवता वरचं पाणी घ्यायचं. उकळल्यानं सगळं काठिण्य जात नाही, बायकार्बोनेटचं तेवढं जातं, पण फरक हाताला कळतो. नंतर शेवटचं पाणी, म्हणजे शाम्पू-कंडिशनर सगळं धुऊन झाल्यावरचं, दीड-दोन लिटर आरओचं घ्यायचं. सगळं न्हाणं आरओच्या पाण्यानं करायची गरज नाही आणि आपल्या भागात तसं करूही नये. महिन्यातून एकदा लिटरभर आरओच्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून टाकायचा, ते केसांवरून ओतायचं, दोन मिनिटांनी साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. लिंबू थेट टाळूवर चोळायचं नाही, आणि ते केसात ठेवून उन्हातही जायचं नाही. बाजारात चिलेटिंग किंवा हार्ड वॉटरसाठी असं लिहिलेले शाम्पू मिळतात, त्यांत ईडीटीएसारखं कॅल्शियम धरून ठेवणारं द्रव्य असतं. ते तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. रोज वापरलं तर केस आणखी कोरडे होतात.

शिकेकाई चांगलीच आहे. तिचा काढा आंबट वळणाचा, साबणासारखी साय धरत नाही. फक्त पूड तशीच डोक्यावर घालू नका. कुरळ्या केसात तिचे कण अडकतात आणि चोळून काढताना केस तुटतात. रात्री भिजवून, उकळून, सुती कापडातून दोनदा गाळून घ्या.

इथं 2016 ची आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. त्या महिन्यात मी पार्लरला गेले त्यामागं नटण्याची हौस नव्हती. सरळ केस अर्ध्या बादलीत धुऊन होतात, कुरळ्यांना पुरत नाही, एवढाच हिशेब होता. म्हणून ज्या बाईनं पाण्यापायी केस सरळ ठेवलेत तिला कुणी नैसर्गिक केसांची महती ऐकवू नये. तिला कमी पाण्यात कुरळे केस कसे धुवायचे ते सांगावं.

ते असं जमतं. न्हायच्या आधी केसांचे चार भाग करून सैल पीळ घालायचे. शाम्पू तांब्याभर पाण्यात कालवून फक्त टाळूला लावायचा, खालचे केस त्याच ओघळत्या पाण्यानं स्वच्छ होतात. मग कंडिशनर लावून, केस ओले असतानाच, एकेक पीळ सोडून रुंद दातांच्या फणीनं सोडवायचा. शेंड्याकडून सुरुवात, वर वर सरकत. मुळाकडून फणी ओढली की सगळा गुंता जोडावर येऊन बसतो. कोरड्या केसाला फणी लावायचीच नाही. असं केलं की पाऊण बादली साधं पाणी आणि ते दीड-दोन लिटर, एवढ्यात भागतं. पुसायला टर्किश टॉवेल नको, जुना पंचा किंवा विरलेली सुती साडी. चोळायचं नाही, दाबून पाणी टिपायचं.

जवसाचं जेल

हे मी कुठल्याही महागड्या क्रीमच्या वर ठेवीन. जवस आपल्या घरात चटणीला असतोच. दोन मोठे चमचे जवस, एक मोठा पेला आरओचं पाणी, मंद आचेवर. चमच्यानं हलवत राहायचं. पाच-सहा मिनिटांनी पाणी दाटायला लागतं, वर पांढरा फेस धरतो. चमचा वर उचलला की धार तुटायच्या ऐवजी तार धरून लोंबायला लागली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, की त्याच क्षणी गॅस बंद. आणखी अर्धा मिनिट ठेवलं तर गाळता येत नाही. गरम असतानाच जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळायचं, थंड झाल्यावर बिया सोडत नाहीत. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की टाकून द्या.

ओल्या केसात हे जेल घेऊन बटा मुठीत धरून वरच्या बाजूला दाबायच्या. वाळल्यावर केस जरा कडक लागतात, तेव्हा तळहाताला करडईच्या तेलाचे दोन थेंब लावून हलक्या हातानं चुरगाळायचे. कडकपणा जातो, बट राहते. जोडाखालचे सरळ केसही या जेलनं थोडे वळतात, त्यामुळं दोन तऱ्हांचं डोकं कमी दिसतं. कॉलेजात जायचं असेल त्या दिवशी याचा मोठा आधार होतो.

रबराऐवजी कापडी सैल बंद वापरा आणि त्याची जागा रोज बदला. ओल्या केसांना इस्त्री कधीच नाही, आतलं पाणी उकळून केसाला फोड येतात आणि तो तिथंच मोडतो. रात्री सैल वेणी, उशीला सॅटिनचं कापड. मेंदी या काळात मी टाळली, तिनं केस आणखी कोरडे होतात. काळ्या मेंदीची पाकिटं तर नकोच, त्यात पीपीडी नावाचं रंगाचं रसायन असतं आणि कित्येकींना त्याची ॲलर्जी येते.

जोडावर गाठ बसलीच तर कात्री घेण्याआधी तिच्यावर खोबरेल तेल घाला, अर्धा तास थांबा, आणि शिवणाच्या सुईच्या बोथट टोकानं एकेक केस बाहेर ओढा. त्याच दिवशी करा. गाठ आठवडाभर तशीच राहिली की घामानं, धुळीनं घट्ट होते. आपल्याकडं अशाच न सुटलेल्या गुंत्याला देवीची जट म्हणून कित्येक बायकांनी आयुष्यभर डोक्यावर वागवलंय, मान दुखत असताना, उवा पडलेल्या असताना. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन अशा जटा सोडवल्यात. गुंता हा गुंताच असतो, तो भिजवून सोडवायचा, नाही तर कापायचा.

कापण्याबद्दल. सगळे सरळ केस एकदम कापले तर जोडच उरत नाही, आणि अडचण त्या दिवशी संपते. पण आपल्या भागात बाईनं केस बारीक केले की लोकांच्या मनात वेगळंच येतं. दहाव्या महिन्यात मी खांद्यापर्यंत कापून आले तर आत्या दारातच थांबल्या. "अगं, काय करून घेतलीस केसाला? कुणाला काही झालं की काय?" त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती. त्यांनी त्यांच्या तरुणपणी कापलेल्या केसांचा जो अर्थ बघितलाय तो मी बघितलेला नाही. मी त्यांचा हात धरून माझ्या मुळाशी नेला आणि म्हटलं, "आत्या, हे बघा, हे माझे. खालचे मेलेले होते ते काढले." त्या बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आजीचे केसं असेच होते बाई." तुम्हाला एकदम कापणं जमणार नसेल तर दर दोन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर कापत जा. दीड-दोन वर्षं लागतील, पण होतं.

अधूनमधून पार्लरमध्ये सुचवतील, "ताई, रिबॉन्डिंग नको तर केराटिन करा, तुटणं थांबेल." नावावर जाऊ नका. त्यानं तुटलेले बंध जुळत नाहीत, वर थर बसतो. अशा कित्येक मिश्रणांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं, आणि ते माणसात कर्करोग करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलेलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेली क्रीम आली, तर त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद 2024 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. लावताना डोळे चुरचुरले, घसा धरला, तर तिथून उठा. पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल तर या वाटेला जाऊच नका.

जानेवारीतच पाण्याची तयारी करून ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून डाळीला शिट्ट्या वाढल्या की समजा बोअर खाली गेलं, आणि त्या आठवड्यापासून उकळलेलं पाणी, शेवटची आरओची धार सुरू करा. लग्नाची आमंत्रणं त्यानंतर येतात. तोवर केस मऊ राहिले असतील तर जेल लावून, अर्धे मागं घेऊन, वर मोगऱ्याचा गजरा माळला की सुरेख दिसतं. गेल्या दोन्ही उन्हाळ्यांत मी तशीच गेले.

आणि जूनमध्ये पागोळीचं पाणी धरणार असाल तर घाई करू नका. पहिल्या दोन-तीन सरी पत्रा धुऊन जाऊ द्या, उन्हाळाभराची धूळ, पाखरांची घाण त्यात असते. त्यानंतरच्या पावसाला पातेल्यावर धुतलेलं लुगडं बांधा आणि भरा. झाकण ठेवलं तर दोन न्हाणी सहज होतात.